मागच्या सीटवर कोण?

कोणती गाडी घेऊ, हे विचारायला लोक अजूनही माझ्याकडे येतात. मी गाड्या विकत नाही. माझं काम क्रेनचं. लाखनी आणि साकोलीच्या मधात, हायवेला लागून माझी जागा होती. अपघात झाला की पोलिसांचा फोन मला यायचा. शोरूमवाल्याला नवी गाडी माहीत असते, मला मोडलेली. म्हणून लोकांना वाटतं, या म्हाताऱ्याला खरं काय ते ठाऊक असेल. आता क्रेन पुतण्याच्या हवाली केली, तरी चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी गाठतोच. "काका, फॅमिलीसाठी गाडी पाहून राहिलो. मजबूत कोनती?"

संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा, दिवाळी आहे. क्रेनवाल्याच्या धंद्यात कसल्या गमती बाप्पा! तरी एकदोन सांगतो. मग जे सांगायला बसलो आहे ते सांगतो.

आधी काम काय असतं ते. लोकांना वाटतं, हुक अडकवला आणि गाडी ओढली. तसं नसतं. पंचनामा होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. चाकं फिरत असतील तर टोचन लावून, म्हणजे मागे बांधून ओढत न्यायची, नसतील फिरत तर खालून पट्टे टाकून उचलायची. पट्टा भलत्या ठिकाणी पडला तर उरलीसुरली गाडीही हवेत दुमडते आणि घरवाल्यांच्या देखत ते बरं दिसत नाही. उचलायच्या आधी आत वाकून सामान काढायचं. पर्स, चष्मे, डब्यातला चिवडा, लहान पोरांचे बूट. सगळं हवालदाराच्या ताब्यात द्यायचं. हे काम मी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही. लोक दुःखात असतात, त्यांची वस्तू इकडेतिकडे झाली तर वर्षानुवर्षं तीच आठवत बसतात.

असं वाकून वाकून गाडी कळायला लागते. सीटबेल्टच घ्या. धडकेच्या वेळी बेल्ट अंगावर असला तर तो असा ताणला जातो की त्याच्या कडा वाकड्या होतात, पट्टी खरखरीत लागते, पुन्हा नीट गुंडाळली जात नाही. अंगावर नसला तर शोरूममधून आला तसाच गुळगुळीत लटकलेला असतो. नातेवाईक सांगतात, "लावला होता जी, तो नेहमीच लावते." मी मान हलवतो. गेलेल्या माणसाबद्दल वाद कोण घालील?

भंडाऱ्याचे एक कापडवाले होते. बेल्ट लावला नाही की गाडी कुईंकुईं करते, ते त्यांना खपत नव्हतं. तो आवाज बंद करायची एक क्लिप बाजारात मिळते. बेल्टच्या जागी ती खोचायची, गाडीला वाटतं बेल्ट लावला. यांच्या क्लिपवर देवीचं चित्रही होतं. गाडी पुलाच्या कठड्याला लागली आणि यांचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. वाचले. टाके घातलेल्या तोंडानं माझ्या जागेवर आले, मला वाटलं कागदपत्रं न्यायला आले असतील. म्हणाले, "माई क्लिप पाहा ना जी, सापडते काय. नवीनच होती."

मी शोधून दिली. विचारलं, "आता काय करता हिचं?"

"दुसऱ्या गाडीत लागते ना!"

हसावं की रडावं कळेना. देवीनं त्यांना वाचवलं होतं, हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगितलं.

आणि प्लॅस्टिक! नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, ही आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे. वर्षभर झालं तरी कचकच आवाज करत बसतील, पण काढणार नाहीत. मागच्या बेल्टची कुलुपं त्या प्लॅस्टिकखाली गाडलेली. एका घरी मी म्हटलं, काढा ते. तर आजीबाई म्हणाल्या, "अजून गाडी नवी हाय ना बाबू."

तर, कोणती गाडी? मी कंपनीचं नाव घेत नाही. मी सांगतो, टपाला उघडणारी काच आहे की नाही ते नंतर पाहा. आधी मागच्या सीटवर जाऊन बसा, विकणाऱ्याला बाहेर उभं करा आणि घाई करू नका. प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का? डोक्यामागे टेकण आहे का? पुढे लोखंडी गार्ड ठोकू नका, धडक खायला गाडीचं नाक नरमच लागतं. आणि सात सीटची घेणार असाल तर सगळ्यात शेवटच्या सीटच्या टेकणामागे हात घाला. टेकण आणि मागची काच यांच्या मधात तुमची वीत बसत नसेल, तर ती जागा पोत्यांची, माणसांची नाही. हायवेवर पुढून ठोकण्यापेक्षा मागून ठोकणारे मी काही कमी पाहिले नाहीत.

हे सगळं मी माझ्या इवायालाही सांगितलं होतं. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन.

माझी एकुलती एक मुलगी शीतल सानगडीला दिली. इवाई गुलाबराव. गावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान, धानाची शेती, घरी येणारा-जाणारा खूप. माणूस दिलदार, पण मानापानाचा पक्का. लग्नात माझ्याकडून एका फेट्याची चूक झाली होती ती त्यांनी हसत हसत चारदा काढली. इहीन कौशल्याबाई. कमी बोलणाऱ्या, गुडघ्यांनी हैराण. जावई निलेश दुकान पाहायचा. आणि माझी नात परी, तेव्हा नुकती चालायला लागली होती.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा गुलाबरावांनी मलाच बोलावलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! मुलीच्या बापाला इवायाच्या घरी कोण विचारतं? मी त्यांना नागपूरपर्यंत सोबत केली. मी पाच सीटची म्हणत होतो.

"पाच सीट?" ते म्हणाले. "इवाई, माया घरी मंडईच्या जत्रेले पाव्हने येते. त्यायले काय टपावर बसवू? सातच पायजे."

बरं, सात. मग त्यातल्या त्यात दणकट, सगळ्या जागांना बेल्ट असलेली गाडी मी निवडून दिली. शेवटच्या सीटमागे हात घालून दाखवला. माझी वीत काचेला अडकली. "इथं माणूस बसवू नका," मी म्हटलं. "सीट पाडून ठेवा, सामान ठेवा."

"हो हो," गुलाबराव म्हणाले. त्यांचं लक्ष रंगाकडे होतं.

गाडीची पूजा झाली. आम्ही दोघं नवराबायको सानगडीला गेलो. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, कौशल्याबाईंनी बोनटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग नवी गाडी देवीला दाखवायला सगळे निघालो. आणि कोणी काही न बोलता जो तो आपापल्या जागी जायला लागला.

ते मी विसरत नाही. कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. निलेश गाडी चालवणार. पुढची सीट मानाची, ती इवायाची, म्हणजे माझी. मधली गुलाबरावांची, माझ्या बायकोची कारण ती पाहुणी, आणि कौशल्याबाईंची, कारण गुडघे वाकत नाहीत. उरली शीतल. ती साडी सावरत, परीला कडेवर घेऊन, मधली सीट दुमडून मागं चढलीसुद्धा. सुनेची जागा तीच. लग्नात पंगतीला ती शेवटी बसते, तशी गाडीतही.

गुलाबरावांनी माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं होतं. पुढच्या सीटला धडकेत उघडणारे फुगे, बेल्ट, सगळं. मी त्या दारात उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांसमोर कोणकोणत्या गाड्या आल्या ते मी इथं लिहीत नाही.

"शीतल, खाली उतर," मी म्हटलं. "परीले घे अन् मधात बस. मी मागं बसतो."

सगळे थांबले. माझी बायको म्हणाली, "अहो, काय हे?"

गुलाबरावांचा चेहरा पडला. "इवाई, पुढं बसा. गाव पाहून राहिलं."

"पाहू द्या."

"इवायाले डिक्कीत बसवलं, असं लोक म्हनतीन! माया गाडीत मान कोनाले द्याचा, हे मी ठरवतो ना?"

"मान नाही हो, गुलाबराव. तिथं पोरगी नका बसवू, एवढंच म्हणतो."

"मंग तुमी बसलेलं चालते?"

"मी म्हातारा झालो. मले चालते."

मी चढलो. सोपं नाही ते, सीटच्या फटीतून अंग वाकडं करून शिरावं लागतं. बसलो तर गुडघे छातीशी आले. बेल्टचं कुलूप प्लॅस्टिकखाली होतं. मी बोटांनी प्लॅस्टिक फाडलं, कुलूप वर काढलं, बेल्ट लावला, कट् आवाज झाला. गुलाबराव पुढे जाऊन बसले आणि दार आपटून लावून घेतलं. शीतल मान खाली घालून मधात बसली होती. तिला माझाही राग आला होता. सासरी राहायचं तिला होतं, मला नाही.

फक्त कौशल्याबाई एकदा मागे वळल्या. "काय दिसते तिथून?"

"काही नाही, इहीन. मागचा ट्रक दिसते फक्त."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागच्या काचेत पाहिलं. हायवे होता, मागे सळाखी भरलेला ट्रक होता, त्याच्या जाळीवरची अक्षरं वाचता येत होती. बराच वेळ त्या तशाच वळून बसल्या होत्या.

त्यानंतर गुलाबराव माझ्याशी तुटक झाले. दिवाळीला शीतलला पाठवलं, पण मंडईचं आवतन आलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दंडारीचे नाच-सोंगं, नाटक, दुकानं, आणि लेकीबाळी, जावई, इवाई सगळे गोळा होतात. त्यात इवायाला बोलावणं नाही म्हणजे गावासमोर थोबाडीत मारल्यासारखं. माझी बायको रडली. "मिरवलं तुमी तुमचं शहानपन," म्हणाली.

एकदा कौशल्याबाईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत. हळू आवाजात म्हणाल्या, "इवाई, पोरीले आता मधातच बसवतो. तिची काळजी नोका करू."

मला इतकं हलकं वाटलं की मी दुसरं काही विचारलं नाही. वाटलं, मागची सीट पाडून ठेवत असतील.

पुढच्या मंडईला मात्र बोलावणं आलं. माझ्या अंगात कणकण होती म्हणून मी गेलो नाही, बायकोही थांबली. मंडईच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी जागेवर बसलो होतो तेव्हा निलेशचा फोन आला.

"बाबा, क्रेन घेऊन या."

"कुठं? शीतल कुठं आहे?"

"हायवेले, लाखनीच्या अलीकडं... बाबा, क्रेन आना लवकर, निघून नाही राहिली..." आणि फोन कटला.

क्रेन काय मोटरसायकल आहे, धावायला? ती आपल्याच गतीनं चालते. मी वाटभर लागला तेवढा फोन लावत होतो. उचलत नव्हता कोणी. जावयानं 'घेऊन या' कशाला म्हटलं ते मला कळत होतं. गाडीत कोणीतरी अडकलेलं होतं. आणि कोणत्या सीटवरचं माणूस असं अडकतं हे महाराष्ट्रात माझ्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत असेल?

धान कापणीचे दिवस. भाऱ्यांनी भरलेली ट्रॉली आडरस्त्यातून एकदम हायवेवर आली, निलेशनं ब्रेक दाबला, गाडी थांबली. गाडी चांगली होती, थांबलीच. मागचा ट्रक थांबला नाही.

पोहोचलो तर गर्दी. मी उतरलो आणि आधी शीतल दिसली. रस्त्याच्या कडेला मातीत बसली होती, कपाळावर रक्त, मांडीवर परी. परी मोठ्यानं रडत होती. माझ्या जिवात जीव आला. मी हात जोडले. देवाचं नाव घेतलं. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे, असं मी मोठ्यानं म्हटलं असं नंतर लोक सांगतात.

शीतलनं माझ्याकडे पाहिलं आणि गाडीकडे बोट केलं.

गुलाबराव गाडीच्या मागे उभे होते. मागची बाजू उरलीच नव्हती. मधली सीट जागच्या जागी होती, टेकणं जागेवर होती, बेल्ट ताणलेले. मी निवडलेली गाडी, जिथं टिकायला पाहिजे तिथं टिकली होती. गुलाबरावांच्या हातात बाईची एक चप्पल होती.

पट्टे मीच टाकले. पुतण्या म्हणाला, काका तुम्ही राहू द्या. मी म्हटलं, बाजूला हो. मी कौशल्याबाईंना काढेपर्यंत कोणाचा हात लागू दिला नाही. डोक्यावरचा पदर मीच नीट केला. जन्मात इहिणीच्या अंगाला हात लागला नव्हता. त्यांच्या अंगावर बेल्ट होता. तो कापावा लागला. कडा वाकड्या झालेल्या, पट्टी खरखरीत. फाडलेल्या प्लॅस्टिकमधून ते कुलूप वर आलेलं होतं, मी काढलं होतं तसंच.

तेरवीनंतर शीतलनं सांगितलं. गुलाबरावांची बहीण आणि तिचा नवरा मंडईला आले होते, त्यांना त्यांच्या गावी, कोंढ्याला पोचवून द्यायचं होतं. पुढे जावई बसले, म्हणजे बहिणीचा नवरा. मधात गुलाबराव आणि बहीण. एक जागा उरली. या वेळी तरी आपण बसावं म्हणून शीतल मागं निघाली, तशी सासूनं तिचा हात धरला.

"थांब. तू परीले घेऊन मधात बस."

"आई, तुमचे गुडघे..."

"तुया बाप बसला होता ना तिथं? म्हातारा मानूस बसते तं मी काहून नाही बसत? मीच तं बसतो मागं, कधीपासून."

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्या दिवसापासून, बाबा. पाव्हने असले की आईच मागं बसत होत्या. मले म्हनाल्या, तुया बाबाले नको सांगू."

पाहुणे यायचे थांबले नव्हते. सीट पाडून ठेवावी असं घरात कोणाला वाटलं नव्हतं. मागं कोणीतरी बसायचंच होतं. त्या बाईनं गुडघे धरत, कण्हत, सीटच्या फटीतून अंग आत घालायचं आणि माझं पाहून बेल्ट लावायचा, असं वर्षभर चाललं होतं. माझी लेक जिवंत आहे, नात शाळेत जाते, आणि ज्या बाईशी मी दहा वाक्यंही बोललो नसेन तिचं मी हे देणं लागतो. हे कोणत्या तोंडानं आणि कोणाला सांगू?

निलेशनं पुढच्या वर्षी गाडी घेतली. पोर आहे, दुकान आहे, खेड्यात गाडीशिवाय होत नाही. मला विचारायला आला तेव्हा डोळे वर करत नव्हता. मी म्हटलं, पाच सीटची घे.

"पाव्हने?"

"पाव्हने एसटीनं जातील."

पूजेला गेलो. स्वस्तिक शीतलनं काढलं. सीटवर प्लॅस्टिक नव्हतं, निलेशनं शोरूममध्येच काढायला लावलं होतं. गुलाबरावांनी पुढचं दार उघडलं आणि शीतलला म्हणाले, "बस बेटा." स्वतः मागं बसले. मीही त्यांच्या शेजारी मागं बसलो. ते बेल्टचं टोक हातात घेऊन चाचपडत होते, कुलूप सापडत नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून टोक आत ढकललं. कट् आवाज झाला. त्यांनी माझा हात सोडला नाही.

"इवाई," ते म्हणाले, "तिनं लावला होता ना?"

"लावला होता. मी पाहिला. नीट लावला होता."

निलेशनं गाडी सुरू केली.

"मंग?" ते म्हणाले.

माझी वीत त्या पहिल्या गाडीच्या काचेला अडकली होती, तेव्हा त्यांना सांगितलेलं त्यांना आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मी आठवण करून दिली नाही. मी फक्त त्यांचा हात धरून बसलो.